तामलवाडी ते कुर्डुवाडी, मार्गे भूम

तामलवाडी,
१६ जून

प्रिय शिवप्रिया,

एप्रिलपासून आजपर्यंत मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा. एक झोपाळा, दीड इंची पाइपाचा, दोन माणसं पेलणारा; खात्रीसाठी मी आणि गव्हाचं एक पोतं शेजारी शेजारी बसून पाहिलं. एक कूलर, जुन्या पत्र्याचा, ज्याचा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. उसाच्या रसाचा एक हातचरक, जो एक दिवस चालला. बाभळीच्या लाकडाचे दोन फासे. प्रत्येक फासा सहाशे वेळा टाकून पाहिला, कुठलाच आकडा शहाण्णवच्या खाली किंवा एकशे चारच्या वर गेला नाही. मोटारीतून निघालेल्या तांब्याच्या तारेच्या चार सोंगट्या. आणि खेळायचा एक पट, सव्वीस बाय सव्वीस इंच, अडीच इंचाचं एक अशी शंभर घरं, चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. जळालेल्या मोटारींत नवी तार भरायलाही कुणी शिकवलं नव्हतं. आयटीआयचं फाटक मी एकदाच ओलांडलं, तेही तिथली जळालेली मोटार न्यायला.

आता तुला ठाऊक असलेलं थोडं लिहितो, कारण ते माझ्या तोंडून तू कधी नीट ऐकलेलं नाहीस. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून तू फेब्रुवारीत आम्हा दोघांची केरळची सहल ठरवलीस, सहा दिवसांची, तुझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या शिलकीतून. तुझ्या आईनं ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं, काहींना दोनदा. मार्चमध्ये ती तुळजापूरला गेली आणि मुन्नारला थंडी असते म्हणून स्वेटर घेऊन आली. ऐन उन्हाळ्यात दुकानदाराला तो माळ्यावरून काढावा लागला. आणि मी काय केलं, तर पावती माझ्या नावावर होती म्हणून सोलापूरला त्या सहलवाल्यांच्या ऑफिसात जाऊन सगळं रद्द करून आलो. फोनवर तुला म्हणालो, एवढ्या पैशात मी घरच्या घरी दहा वर्षं केरळ करून दाखवतो. त्यावर तू जे बोललीस ते मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलंय: "अप्पा, तुम्हाला पैसे वाचवायचे नव्हते. तुम्हाला माझं काही घ्यायचं नव्हतं." मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती, चारही काड्या होत्या.

तेव्हापासून तुझा फोन येतो तो आईला. मला "बरंय का" एवढंच, आणि अक्षय्य तृतीयेला सुट्टी असून तू आली नाहीस. इकडं तुझी आई माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. जेवायला वाढताना ती आज्जीला सांगायची, "विचारा त्यांना, भाकरी पायजे का." मी दोन हातांवर बसलेला. आज्जीला ऐकू कमी येतं, त्यामुळं विचारणा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर भाजी गार व्हायची.

पण बोललो तसं करून दाखवायचं हा माझा स्वभाव. ज्या तारखांना केरळ होतं त्याच तारखांना मी घरगुती सहल जाहीर केली आणि वेळापत्रक फ्रिजवर लावलं. सकाळी सहा ते साडेसहा झोपाळा. दुपारी बारा ते तीन कूलरसमोर विश्रांती, हवामान मुन्नारसारखं. चार वाजता रस. पाच वाजता खेळ. पहिल्या दिवशी तुझी आई वेळेवर आली, कूलरसमोर बसली आणि तिनं स्वेटर घातला. बाहेर बेचाळीस डिग्री. गळ्यापर्यंत बटणं लावून ती आज्जीला म्हणाली, "मुन्नारला लई गारठा हाय बघा." तीन तास ती घामानं निथळत बसली, पण स्वेटर उतरवला नाही. चार वाजता चरकाचा दांडा निसटला आणि शेजारच्या महांतप्पाच्या पत्र्यावर जाऊन पडला. तो त्यानं अजून दिलेला नाही, वर म्हणतो की केरळहून आलेली वस्तू आहे, ठेवून घेतो.

पाच वाजता खेळाला फक्त आज्जी आणि मी. खेळ असा: पहिलं घर तामलवाडी, शंभरावं कुर्डुवाडी, मध्ये तुळजापूर, धाराशिव, भूम, परंडा. फासे टाकून आपली एसटीची लाल गाडी, म्हणजे सोंगटी, पुढं न्यायची. प्रत्येक घरात मी ऑइलपेंटनं सूचना लिहिली होती, अक्षराची उंची एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कुठं टायर पंक्चर, कुठं रस्त्यात म्हशी. आज्जीनं पट पाहिला आणि म्हणाली, "अरं, कुर्डुवाडीला असलं येडं वाकडं कोण जातंय? सोलापुरावरनं सरळ गाडी हाय की." मी समजावलं की सरळ गेलो तर खेळ पाव तासात संपेल. ती म्हणाली, मग चांगलंच हाय. आणि खेळते कशी, तर पाच पडले की सात घरं जाते, आणि बोट दाखवलं की ऐकू येत नाही.

तर आज्जीची गाडी परंड्याला पोचली. तिथं मी लिहिलं होतं: परंडा स्टँड, गाडी वीस मिनिटं थांबते, एक डाव बाद. मी ते मोठ्यानं वाचलं आणि स्वयंपाकघरातून, नऊ दिवसांत पहिल्यांदा, थेट मला उद्देशून आवाज आला. "खोटं लिहिलंय. वीस मिनिटं थांबली असती तर तुम्ही मागं राहिला असता का?"

हे तुला कुणीच सांगितलेलं नाही. लग्न झाल्यावर आम्ही पहिल्यांदा परंड्यावरून कुर्डुवाडीला तिच्या मामाकडं निघालो होतो. गाडीच्या खिडकीतून मला दिसलं की स्टँडवरचं घड्याळ सात मिनिटं मागं आहे. मी उतरून कंट्रोलरला सांगितलं. तो म्हणाला, एवढं कळतं तर करा दुरुस्त. मी स्टुलावर चढलो. घड्याळ दुरुस्त झालं, आणि त्या बरोबर केलेल्या घड्याळात दहा बेचाळीस झालेले असताना माझ्या डोळ्यांसमोर गाडी नव्या नवरीला घेऊन निघून गेली. ती मामाच्या दारात एकटीच उतरली. मामानं विचारलं, नवरा कुठंय, तर म्हणाली, घड्याळात आहे.

एवढं बोलून तुझी आई बाहेर आली, स्केचपेन घेतलं आणि माझ्या ऑइलपेंटवर फुली मारून लिहिलं: नवरा स्टुलावर चढला. तुम्ही त्याची वाट बघू नका. सहा घरं पुढं जा. मला त्या वाकड्या अक्षराचा लई त्रास झाला, पण ती हसत होती, म्हणून ते तसंच राहू दिलं. तिनं स्वेटर काढला आणि खेळायला बसली. नंतर तर दोघींनी पटाचा ताबाच घेतला. आज्जीला लिहिता येत नाही, ती सांगते आणि आई लिहिते. तुळजापूरच्या घरात आता लिहिलंय की मी पाच रुपयांसाठी नारळवाल्याशी अर्धा तास भांडलो, चार घरं मागं. भूमच्या बाजारात आज्जीनं घेतलेली शेळी बोकड निघाली, दोन घरं मागं. वेळापत्रक फ्रिजवरून कधी निघालं ते मला कळलं नाही. सहल सहा दिवसांची होती, खेळ अजून चालू आहे, रोज संध्याकाळी. सिनेमा नाही, हॉटेल नाही, आणि घरात इतकं हसणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

अडचण शंभराव्या घराची आहे. तिथं मी लिहिलं होतं: कुर्डुवाडी. पोहोचलात. जिंकलात. तिसऱ्या दिवशी आईनं "जिंकलात" खोडलं आणि खाली लिहिलं: इथं पुण्याची रेल्वे येते. शिवप्रियाला उतरवून घ्या आणि दोघं मिळून तामलवाडीला परत या. मग जिंकलात. आणि डब्यात पडून असलेली चौथी सोंगटी उचलून तिनं त्या घरात ठेवली. आता खेळाच्या नियमांतलं माझं कलम नऊ असं आहे की ज्याची सोंगटी त्यानंच स्वतःच्या हातानं हलवायची, दुसऱ्याच्या वतीनं फासे टाकायचे नाहीत. ते मी आज्जीसाठी केलं होतं, ती माझाही डाव टाकायची. त्यामुळं आम्ही तिघं रोज कुर्डुवाडीला पोचतो, तुझ्या सोंगटीभोवती उभे राहतो आणि खेळ तिथंच थांबतो. आजवर एक्कावन्न डाव झाले, जिंकलेलं कुणी नाही. कलम नऊ बदलायचा ठराव मी मांडला, तो दोन विरुद्ध एक मतांनी पडला. आज्जीचं म्हणणं आहे की तिचे एकोणतीस डाव तुझ्यापायी अडकलेत.

एक आकडा घरात कुणालाच माहीत नाही, तो तुला लिहितो. तुला मी अठ्ठावन्न हजार परत पाठवले, पण सहलवाल्यांनी कापून मला चौतीस हजार आठशेच दिले होते. वरचे मी घातले. म्हणजे पैसे वाचवायला मी तेवीस हजार दोनशे रुपये खर्च केले. तू फोनवर बोललीस ते बरोबर होतं. या घरात येणारी वस्तू एकतर मी केलेली असते नाहीतर मी आणलेली. मुलगीही काही आणील, याला मी जागाच ठेवली नव्हती. चूक माझी आहे. हे वाक्य मी दोन वेळा कच्चं लिहून पाहिलं, याहून लहान होत नाही.

गेल्या गुरुवारी सोलापूरचे गौरीशंकर शेठ मोटार भरायला घेऊन आले. त्यांचं खेळण्यांचं मोठं दुकान आहे, शेत आपल्या गावच्या शिवारात. मोटार होईस्तोवर ते आई आणि आज्जीबरोबर दोन डाव खेळले, कुर्डुवाडीला अडकले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, हा पट मला द्या, मी छापतो, तुमची घरं, म्हशी, बोकड सगळं तसंच ठेवतो. फक्त शेवटचं घर बदलायचं. "गिऱ्हाइकाला जिंकायला पायजे, मिस्त्री." पैसे रोख, तिथंच टेबलावर. माझ्या मनात पहिला विचार आला की यात आम्ही दोघं स्वतःच्या खर्चानं केरळला जाऊन येऊ, वर शिल्लक राहील, तुझा एक रुपया घ्यायला नको आणि तुला हे पत्रही लिहायला नको. तो विचार आला म्हणूनच मी नाही म्हणालो. तेव्हा दिवाळीनंतरचं केरळ पुन्हा ठरव. पैसे तू भर. पावती आईच्या नावावर कर, म्हणजे मला रद्द करता येणार नाही. त्याआधी एकदा घरी येऊन तुझे फासे टाकून जा. शेठनी देऊ केलेली रक्कम आज्जीला सांगू नकोस, ती मला घरात राहू देणार नाही. पंचाहत्तर हजार रुपये होते.

तुझाच,
अप्पा