मागे राहू नकोस

सिनाइत, फिलिपिन्स, ८ जानेवारी १९७८

चि. डेल्फिना हिस,
युफेमिया आत्याचे अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र अंगणात उभ्यानेच वाचलं. वेणी घालायला काढलेला लसूण तसाच पडून राहिला आणि कोंबड्यांनी तो वाडीभर केला. तू एप्रिलमध्ये येणार! बत्तीस वर्षांपूर्वी माझा भाऊ उसाच्या मळ्यावर कामाला म्हणून हवाईला गेला, तो पुन्हा आलाच नाही. गेल्या वर्षी तर मार्सेलो कायमचाच गेला. आता त्याची लेक येते म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर कसे राहतील?

लिलांगला सांगितलं. लिलांग म्हणजे तुझी आजी. तिने एक अट घातली. मार्सेलोबद्दल तिच्या पोटात बत्तीस वर्षं एक गोष्ट आहे. ती फक्त त्याच्या मुलीला सांगायची, आपल्या इलोकानो भाषेत, आणि मधे तिसरं माणूस नको. मी म्हटलं, अगं, मी शाळेत इंग्रजी शिकवत आले, शब्दन् शब्द सांगीन तिला. तर म्हणाली, तू शाळेतल्या निबंधासारखं माझं बोलणं सुधारून सांगशील. या बाईला त्र्याऐंशीव्या वर्षीही कुणी बोलण्यात हरवलेलं नाही.

तेव्हा तीन महिने हातात आहेत. धडा पहिला: सकाळी भेटलं की 'नाइम्बाग अ बिगात', दिवस बरा जावो. आभार मानायचे तर 'दिओस ती अग्ङिना', म्हणजे त्याचं मोल देव देईल. आणि जेवणाच्या वेळी कुणी दारावरून गेलं की 'माङान तायोन', या जेवायला. रोज दहा वेळा मोठ्याने म्हण.

तुझ्या आईला नमस्कार. अभ्यास चुकवू नकोस, म्हणजे आत्याची माया आपोआप वाढेल.
तुझी आत्या, युफेमिया

वायपाहू, हवाई, ३ फेब्रुवारी १९७८

ती. युफेमिया आत्यास,
सा. न. वि. वि. धडा पहिला पाठ झाला आणि त्याच दिवशी माझी फजिती झाली. बाबांच्या मळ्यावरचे सोबती बाल्दोमेरोकाका शेजारीच राहतात. त्यांच्यासमोर सराव करावा म्हणून गेले, तर ते जेवत होते. त्यांनी 'माङान तायोन' म्हटलं. मला समजलं याचाच इतका आनंद झाला की खुर्ची ओढून बसले आणि त्यांचं सगळं पिनाकबेत फस्त केलं. कारलं, वांगी, खारवलेल्या मासळीचा रस्सा, काही सोडलं नाही. काका रिकाम्या भांड्याकडे बघत राहिले. आता त्यांनी सगळ्या गल्लीत सांगितलंय की मार्सेलोच्या पोरीला अजून भाषा येत नाही, पण भूक अस्सल इलोकानो आहे.

आई पोर्तुगीज घरातली, म्हणून आमच्याकडे इंग्रजीच चालायचं. बाबांनी त्यांची भाषा मला कधी दिली नाही आणि मीही मागितली नाही, याचं आता फार वाईट वाटतं. मला भीती वाटते आत्या. लिलांग ते सांगेल आणि मी नुसती मान हलवत बसेन, असं झालं तर?

'माझं तुझ्यावर प्रेम आहे' कसं म्हणायचं ते कळव. तिला भेटताच म्हणेन म्हणते.

तुम्हा दोघींच्या आठवणीत राहावं एवढंच मागणं.
तुझी डेल्फी

सिनाइत, २६ फेब्रुवारी १९७८

चि. डेल्फीस,
अ. उ. आ. तुझं पत्र लिलांगला वाचून दाखवलं. हसून हसून तिची पुरेवाट झाली, कवळी हातात काढून घ्यावी लागली. चूक माझी, आमंत्रण शिकवलं आणि नकार शिकवायचा राहिला. पहिल्या दोन वेळा 'नाबसुगाक पाय' म्हणायचं, माझं पोट अजून भरलेलं आहे. तिसऱ्यांदा बोलावलं तर खुशाल बस. आता त्या बिचाऱ्या काकांना काहीतरी रांधून नेऊन दे.

प्रेमाचं ते वाक्य आमच्यात आहे, पण घरात कुणी वापरत नाही. आईला असलं काही म्हटलं तर ती ताप आला का बघेल. आम्ही 'नाङान्कान' विचारतो, जेवलीस का. तेवढ्यात सगळं येतं. लिलांग स्वतः रोज संध्याकाळी एक ताट जास्तीचं मांडते. कुणासाठी, ते विचारलं की म्हणते, कुणी आलं तर. कुणी येत नाही, मग ते कोंबड्यांना जातं.

शेवटचा धडा नीट शिक. नदीवरून, समुद्रावरून, कुठूनही परत निघताना आपलं आणि बरोबरच्यांचं नाव घेऊन हाक मारायची: 'इन्तायोन, दिका अगबातबाती.' चल, मागे राहू नकोस. नाहीतर माणूस घरी येतं आणि जीव तिथेच रेंगाळतो. मग ताप येतो, अन्न गोड लागत नाही.

ती रोज विचारते, पोरगी कुठल्या धड्यावर आली. तुझ्यासाठी नवी चटई विणून झाली आहे. स्वतःला जप आणि आम्हाला धीराने वाट पाहू दे.
तुझी आत्या

वायपाहू, १५ मार्च १९७८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. आत्या, हा शेवटचा धडा मला येतो. जन्मापासून येतो. रविवारी एवाच्या किनाऱ्यावरून निघताना बाबा समुद्राकडे तोंड करून नेमकं हेच म्हणायचे. आधी आईचं नाव, मग माझं. मला वाटायचं आमची हजेरी घेतात. म्हणजे माझी भाषा कुठे गेलीच नव्हती. याबाबतीत आणखी एक गोष्ट मला आठवते आहे, पण ती तिथे आल्यावर सांगेन.

विमानाचं तिकीट उशाखाली आहे. ते दिवसातून चारदा काढून बघते.
तुझी डेल्फी

वायपाहू, ९ मे १९७८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सुखरूप पोचले. लिलांग माझ्याशी बोलायला बसली त्या संध्याकाळी तू लसणाच्या कोठीत जाऊन बसलीस आणि नंतर एका शब्दाने विचारलं नाहीस, हे मी विसरणार नाही. तुला सांगायची परवानगी निघताना लिलांगने दिली, म्हणून लिहिते.

ती सावकाश बोलली, लहान मुलाला भरवावं तशी. सालोमागेच्या धक्क्यावरून बाबांची बोट सुटली. तुम्ही सगळे बैलगाडीत बसलात. समुद्रावरून निघायचं म्हणून तिने सवयीने एकेकाच्या हाका सुरू केल्या. आजोबा. युफेमिया. आणि त्याच सुरात मार्सेलो. चल, मागे राहू नकोस. हाक तोंडातून गेल्यावर तिला कळलं. बोट अजून दिसत होती. पोरगा तिकडे चालला आणि त्याचा जीव मी गाडीत घालून घरी आणला, असं म्हणून ती छाती बडवायला लागली. त्याची आजारपणं, त्याचं न येणं, सगळं त्या एका हाकेमुळे, असं ती आजवर धरून बसली होती. ते जास्तीचं ताट कुणासाठी, ते आता तुला कळलं असेल.

मला सगळं कळलं आत्या, शब्दन् शब्द. पण उत्तर द्यायला माझ्याजवळ तुझे चार धडेच होते. मी नऊ वर्षांची असताना बाबांना विचारलं होतं की तुम्ही स्वतःच्या नावाने हाक का मारत नाही. ते हसून म्हणाले, माझ्या आईने धक्क्यावर मला हाक मारली ती मी बोटीवरून ऐकली. माझा जीव तिच्याजवळ आहे, इथे तो शोधू कशाला. ते हे सांगताना दुःखी नव्हते. उलट घरी सुखरूप ठेव ठेवलेल्या माणसासारखे बोलत.

हे एवढं सगळं मला कुठून बोलता येणार? मी त्या ताटाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, 'नाबसुग नी तातांग.' बाबांचं पोट भरलेलं आहे. मग कानाला हात लावून बोट, समुद्र, हाक, असं खुणांनी दाखवलं. तिला समजलं. तिने बराच वेळ माझा हात सोडला नाही. मग विचारलं, नाङान्कान. मी जेवले नव्हते. ते ताट तिने माझ्यापुढे सरकवलं. मी दोनदा नको म्हटलं, तुझ्या नियमाने, आणि तिसऱ्यांदा बसले.

उत्तराची वाट पाहते, उशीर करू नकोस.
तुझी डेल्फी

सिनाइत, २८ मे १९७८

चि. डेल्फीस,
अ. उ. आ. पत्र मी कोठीत बसून वाचलं आणि तिथेच रडून घेतलं. आता घरची बातमी. तू गेल्यापासून आई दोन्ही वेळा पोटभर जेवते, आणि तिने जास्तीचं ताट मांडणं बंद केलंय.

एक गंमत सांगते. तुझी बस सुटली आणि आम्ही घरी यायला वळलो. सवयीने मी हाका मारायला तोंड उघडलं तर आईने माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि दुसरा हात स्वतःच्या. तशीच घरापर्यंत आली. लोक बघत होते. म्हणाली, या खेपेला चूक करायची नाही, पोरीला पूर्णच्या पूर्ण जाऊ दे. तेव्हा तू निश्चिंत राहा.

आमच्यावर आहे तसाच जीव ठेव.
तुझी आत्या

वायपाहू, १४ जून १९७८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. लिलांगला सांग, हात ठेवून काही उपयोग झाला नाही. बसमध्ये चढताना स्वतःच्या नावाने हाक मारायची असते हे मला चांगलं पाठ होतं. मी मुद्दामच मारली नाही. ताट मांडायला सांग, आणि ते कोंबड्यांना देऊ नका.
तुमच्याजवळच असलेली, डेल्फी