कलिंगडाला तिसरी पट्टी

बाबा,

आज पुन्हा कलिंगडाला पट्टी! पिकलंय का बघायला त्रिकोणी काप काढायचा, पांढरा निघाला की परत बसवून वर जखमेची चिकटपट्टी लावायची, ही कुठली तऱ्हा? अख्ख्या वेलाला एकच फळ धरलंय. तीन महिने बादल्या वाहून माझी कंबर मोडली, आणि आता चंगळ मुंग्यांची. देठाजवळचा तंतू वाळल्याशिवाय कलिंगड पिकत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत ना?

परवा विचारलं तर म्हणालात, "मी कुठे हात लावला?" कालही तेच. मग माझाही तोल गेला, तुम्हाला खोटारडे म्हणाले.

आज सकाळी मी खिडकीतून बघत होते. हातात सुरी घेऊन तुम्ही त्या दोन पट्ट्यांवरून बोट फिरवलंत, "अरेरे, कोणी कापलं गं तुला?" म्हणालात, आणि तिसरा काप काढलात.

चुकलं माझं.

जेवण झाकून ठेवलंय. सुऱ्या मी उचलून ठेवल्यात, शोधत बसू नका. पाच वाजता डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा नेहमीसारखी कुरकुर नको.

आणि ही चिठ्ठी फाडू नका. खिशात ठेवा. पुन्हा वाचावी लागेल.