घरी कुणीतरी असायला हवं

केलीव्हिल,
रविवार

प्रिय नचिकेत,

आपल्या घरासमोर विक्रीची पाटी लागली आहे. पाटीवर आपल्या स्वयंपाकघराचा फोटो छापलाय आणि ते इतकं नीटनेटकं दिसतंय की क्षणभर मलाच विकत घ्यावंसं वाटलं. एजंट म्हणून आलेल्या त्या गोड बोलणाऱ्या मुलाने फ्रिजवरची सगळी मॅग्नेट काढायला लावली, देवघराच्या पुढ्यात एक भलीमोठी कुंडी सरकवली, आणि तुझ्या खोलीचं दार उघडून आत बघितल्यावर ते हळूच परत ओढून घेतलं. मग म्हणाला, ही खोली आपण फोटोत नको घेऊ या. मी त्याच्यासाठी ठेवलेलं चहाचं आधण बंद केलं. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, पण राग कुणावर तरी काढावा लागतो ना.

बाबांनी ब्लॅकहीथला एक घर पाहिलंय. हो, ब्लॅकहीथच. चार वर्षांपूर्वी जूनच्या लाँग वीकेंडला तू ज्या डोंगरात एकटा फिरायला गेलास आणि परत आला नाहीस, त्याच डोंगराच्या माथ्यावरचं ते एवढंसं गाव. तिथे कायमचं राहायला जायचं म्हणतात. मी हो म्हणावं की नाही, या एका गोष्टीवर आमच्या घरात वर्षभर धुसफूस चालली होती. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला इथून निघवेना, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. मराठीत लिहितेय, सावकाश वाच. दर रविवारी कान धरून मी तुला वाचायला शिकवलं, ते कधीतरी उपयोगी पडायलाच हवं.

मला डोंगर आवडत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. मी मिरजेची. आमच्याकडे सगळं सपाट, कोण येतंय कोण जातंय ते लांबून दिसतं. तुझ्या बाबांचं उलट. कॉलेजात असल्यापासून दर रविवारी कुठला तरी किल्ला, घरी यायचे ते गुडघे फोडून. सिडनीला आलो तेव्हा तू सात वर्षांचा होतास. भारतातून सामान यायचं होतं, घरात झोपायला धड गाद्या नव्हत्या, आणि हे तुला घेऊन ब्लू माउंटन्स बघायला निघाले. संध्याकाळी तू आलास तो मातीने माखलेला, जोडे हातात घेतलेले, आणि दारातूनच ओरडलास की मला भात पाहिजे. तेव्हाच मी ओळखलं की हा मुलगा हातातून गेला. पुढे तुम्ही दोघं जायचात आणि मी डबा द्यायचे. नंतर तू एकटा जायला लागलास, तरी डबा माझाच. त्या दिवशीही मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी दिली होती. पोलिसांना तुझी गाडी पायवाटेच्या तोंडाशी सापडली आणि डबा गाडीत होता. आठवड्यानंतर त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिला. रिकामा होता. पोरगा खाऊन गेला, एवढं एकच मला त्या आठवड्यात बरं वाटलं होतं.

किती माणसं तुला शोधत होती, तुला कल्पना नाही. नारिंगी कपड्यांतले व्हॉलंटियर, कुत्री, हेलिकॉप्टर. धुकं उतरलं की हेलिकॉप्टर परत जायचं आणि मी त्या धुक्याला तोंडाला येईल ते बोलायचे. मग एके दिवशी फार अदबीने त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की आता शोध थांबवतोय. बाबा त्यांचे आभार मानत होते. मी उठून गाडीत जाऊन बसले. त्यानंतर आत्ताआत्तापर्यंत मी त्या डोंगराकडे फिरकले नाही. बाबा मात्र दर शनिवारी जातात, अजूनही. मी घरी थांबते. मला वाटायचं, आमची वाटणीच झाली आहे. त्यांनी शोधायचं आणि मी दारात असायचं. कारण तू आलास तर इथेच येणार ना? दुसरं घर तुला माहीतच नाही. म्हणून मी कुठे गेले नाही रे. मिरजेची आजी गेली, तेव्हाही गेले नाही. मामाने फोनवर तिचा चेहरा दाखवला आणि मी सोफ्यावर बसून रडले. बाबा म्हणाले होते, तू जा, मी थांबतो घरी. पण शनिवारी ते थांबणार नाहीत हे मला माहीत होतं.

आपल्याकडे हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. नंतर दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा आणि पुढचं सगळं करायचं, अशी रीत आहे. तुझ्या मुरलीधरकाकांनी पुण्याहून फोन करून सांगितलं की त्यांच्या गुरुजींच्या मते आजकाल एवढं थांबायची गरज नाही, पोलिसांनीच शोध थांबवलाय म्हटल्यावर लगेच करता येतं, हवं तर व्हिडिओ कॉलवर. मी म्हटलं, गुरुजींना सांगा, आमच्याकडे रेंज नाही. काका दुखावले. पण दर्भाचा नचिकेत करून त्याला मी जाळू? तुझा फोटो हॉलमध्ये आहे, युनीच्या पदवीदानाचा, ती टोपी वाकडी झालेला. त्याला हार नाही. जी माणसं गेली त्यांच्या फोटोला हार असतो. तू गेलेला नाहीस, तू यायचा आहेस. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे न सांगता कळत होतं, असं मी समजून चालले होते.

गेल्या दिवाळीत बाबांच्या आग्रहावरून, चार वर्षांत पहिल्यांदा, मी दुपारी फराळाला लोकांना बोलावलं. मितालीमावशी लवकर आली, चकल्या तळू लागली. ती नुकतीच पुण्याहून आली होती. मी चहा गाळत होते आणि हॉलमधला गलका एकदम थांबला. बाहेर येऊन बघते तर तुझ्या फोटोवर चंदनाचा हार. मिताली हात जोडून उभी. सगळ्यांच्या हातात ताटल्या आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी हार काढला, तिच्या पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, साखर कुणाकुणाला नको आहे. लोकांनी कसेबसे लाडू संपवले. मंडळी गेल्यावर मी मितालीला जे जे बोलायचं ते सगळं भिंतींना ऐकवलं. बाबा ताटल्या गोळा करत होते. ते म्हणाले, "तिला बोलू नकोस. हार मी मागवला होता."

मला वाटलं, मी आता यांना काहीतरी फेकून मारणार. मी विचारलं, मग दर शनिवारी कशाला मरायला जाता तिकडे शोधायला?

ते खाली बघत म्हणाले, "मी शोधायला जात नाही गं, मंजू. मी त्याला भेटायला जातो."

किती तरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे मीठ द्या, पाणी द्या, एवढंच. मला फसवल्यासारखं वाटत होतं. मी समजत होते की आम्ही दोघंही तुझ्यासाठी जागे आहोत, आणि हा माणूस कधीच, एकटाच, रडून मोकळा झाला होता. मला न सांगता. मी अनुष्काला, ती शिकते तिथे मॉसन लेक्सला, फोन केला, म्हटलं, बघ तुझे बाबा. तुझी बहीण आता इंजिनिअर होईल लवकरच, आणि बोलतेही तशीच, मोजूनमापून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, ही नोज हाऊ टू यूज अ फोन." त्याला फोन करता येतो. मग तीच फोनवर हमसून हमसून रडायला लागली आणि मला तिची समजूत घालावी लागली. त्या पोरीला मी चार वर्षांत कधी विचारलंच नव्हतं, तू कशी आहेस.

शेवटी काही महिन्यांपूर्वी मी म्हटलं, चला, बघू तरी ते घर. घर लाकडी आहे, जुनं आहे, फरशी करकरते, शेकोटीत लाकडं घालावी लागतात. मागच्या अंगणात कॅमेलियाचं झाड आहे. मला आवडलं नाही, हे मी मोठ्याने सांगितलं. मग बाबांना लागते कॉफी, म्हणून बेकरीत गेलो. काउंटरवर एक म्हातारी बाई होती, पांढरे केस, हातभर पीठ. बाबांना तिने दत्ता म्हणून हाक मारली. माझ्याकडे बघितलं आणि हात पुसत बाहेर आली. तुला शोधणाऱ्यांमध्ये ती होती, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. म्हणाली, "यू आर नॅचीज मम."

नचिकेत, तुझं नाव मी घराबाहेर कुणाच्या तोंडून किती दिवसांनी ऐकलं असेल? केलीव्हिलमध्ये तुझं नाव कुणी घेत नाही. मी आले की बायका आपापल्या मुलांच्या नोकऱ्यांचं, लग्नाचं बोलणं गिळतात. मला त्रास होऊ नये म्हणून. चांगली आहेत रे सगळी, जीव लावतात, डबे पाठवतात. पण तू कधी नव्हतासच असं वागतात. आणि इथे ही बाई तुझ्या नावाची पार मोडतोड करून, पण खणखणीत आवाजात, तुझ्याबद्दल मलाच विचारत होती. लहानपणी कसा होता? खायला काय आवडायचं? मी बोलत सुटले. तिची गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती, कुणी घाई केली नाही. बाबांची कॉफी गार झाली. मी भाताचं सांगितलं, वाकड्या टोपीचं सांगितलं, आणि मला चक्क हसू आलं. परतताना गाडीत बसल्यावर मी बाबांना म्हटलं, घर वाईट नाही, स्वयंपाकघरात उजेड आहे.

तरी मी त्यांना बजावून सांगितलंय, हार नाही आणि दर्भही नाही. बारा वर्षं म्हणजे बारा वर्षं. ते हो म्हणाले. त्यांनी तुला निरोप दिलाय, मी दिलेला नाही, आणि आता एका घरात असे दोघं राहू. काल त्यांच्याबरोबर, तुझी पायवाट जिथून खाली उतरते त्या कड्यापर्यंत गेले होते, पहिल्यांदाच. खाली नुसती झाडं, नजर पोचते तिथपर्यंत. बाबा कठड्याला हात लावून हळू आवाजात तुला आठवड्याच्या बातम्या सांगत होते. मला नाही जमलं. मला तिथे तू दिसत नाहीस. मला तू या दारातच दिसतोस, जोडे हातात घेतलेला.

आणि म्हणूनच हे पत्र. घर एका तरुण तेलुगू जोडप्याने घेतलंय, त्यांचं बाळ आत्ताच रांगायला लागलंय. त्यांना मराठी येत नाही, तेव्हा मी मनातलं सगळं बिनधास्त लिहिलंय. उद्या किल्ल्या देताना हे पाकीट त्या मुलीच्या हातात देणार आहे. तिला सांगणार आहे की कधी एखादा उंच, सावळा मुलगा दारात येऊन चक्रावून उभा राहिला, तर त्याला आत घे, पाणी दे आणि हे दे. ती मला वेडी समजेल, समजू दे. तू आलास आणि दार दुसऱ्याच कुणी उघडलं, तर आम्ही वाट बघणं सोडलं असं मनात आणू नकोस. नवा पत्ता पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलाय. सिडनीहून ट्रेन थेट जाते. आता तिथे दिवसभर मी घरी असेन. मी रागावणार आहे, नचिकेत, खूप रागावणार आहे. तरी ये.

तुझीच,
आई