बुटक्या गाडीची परीक्षा

तीर्थस्वरूप वन्संना,

उंचीनं आणि मानानं लहान असलेल्या वहिनीचा वाकून नमस्कार. (वाकायला हिला फार कष्ट पडत नाहीत, हे तुमचंच जुनं वाक्य. तुम्ही म्हणायच्या आत मीच लिहून टाकते.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट चालते आहे ना? तुमच्या सख्ख्या भावानं लिफ्ट तपासनीस म्हणून ती एका ढिल्या स्क्रूपायी बंद करून टाकली होती आणि तुम्ही पाचव्या मजल्यावरून त्यांच्या नावानं खडे फोडत पायऱ्या उतरत होतात, ते मला अजून आठवतं. तेव्हा मी तुमच्या बाजूनं होते. आज कुणाच्या बाजूनं आहे, ते पत्र संपेपर्यंत तुम्हीच ठरवा.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर परदेशातून शर्यतीची गाडी मागवली, हे तुमच्या कानावर गेलंच आहे. त्यावर तुम्ही ‘म्हातारचळ’ हा शब्द वापरलात, तो माझ्याही कानावर आला. मी रागावले नाही, कारण मीही तोच वापरला होता. पण खरं सांगते वन्सं, खोका उघडला तेव्हा तो शब्द मीच मागे घेतला. गडद हिरवी, लांबट, कातडी पट्ट्यांनी बांधलेलं नाक, दोनच सीटा, छप्पर नाही, आणि जमिनीला इतकी लगटून की तिच्याशी बोलायला खाली बसावं लागतं. लहानपणी तुमचे बंधू भिंतीवर कोळशानं जी काढायचे आणि जिच्यापायी त्यांच्याऐवजी तुम्ही मार खाल्लात, तीच ही. दूर कुठल्याशा गावात एक सुतारआजोबा आणि त्यांचे दोन जावई मिळून अशा गाड्या हातानं बनवतात, वर्षाकाठी मोजक्याच. हे खोक्याच्या फळीला हात लावून उभेच राहिले. मी पाणी आणून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, आली ना गाडी, मग रडायचं काय? तर वन्सं, बाहेरून आलेली गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे तिची परीक्षा असते. मोठ्या कारखान्यातल्या गाड्या घाऊक पास होतात, पण अशा हातच्या गाड्यांची एकेक करून तपासणी. धूर किती सोडते, आवाज किती करते, धडकली तर आतला माणूस वाचेल का, सगळं. ठरलेल्या मुदतीत पास झाली नाही, तर आली तशी बोटीनं परत किंवा सरळ भंगाराच्या यंत्रात चपटी. हे ऐकल्यापासून माझा जीव टांगणीला. ह्यांचा मात्र चेहरा उजळला! म्हणाले, असंच हवं. (ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या लिफ्टा बंद केल्या त्याला परीक्षेची कसली भीती, असं मला वाटलं. चूक. भीती होतीच, पण अप्रूप त्याहून जास्त होतं.)

तपासणीचं ठिकाण म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. जमिनीवर पिवळे पट्टे, मध्ये खड्डा, पलीकडे चाकं फिरवायचे रूळ, आणि भिंतीपाशी आम्हा नातेवाइकांसाठी एक बाकडं, अगदी ऑपरेशन थिएटरबाहेर असावं तसं. तपासणाऱ्या बाई माझ्याहून थोड्या उंच (म्हणजे तुमच्या हिशेबी बुटक्याच), गळ्यात टेप, केसांत पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असे भाव की ताजमहालसुद्धा आला तरी आधी पाया दाखवा म्हणतील. त्यांनी धुराच्या नळीत सळई घातली, आकडे पाहिले आणि मान हलवली. मग ह्यांना इंजिन जोरात करायला सांगितलं. शेडवरची कबुतरं उडाली, बाकड्यावरचा एक माणूस उठून उभा राहिला. बाईंनी पुन्हा मान हलवली. नापास. मी रडकुंडीला आले, आणि तुमचे बंधू? घरी येईपर्यंत एकच धोशा. काय बाई आहे! काय नजर आहे! मापाच्या बाहेर म्हणजे बाहेर! मी असतो तरी हेच केलं असतं! वन्सं, स्वतः नापास होऊन परीक्षकाच्या प्रेमात पडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मग टायरवाल्याच्या दुकानामागच्या वेल्डरकडे मुक्काम सुरू झाला. धूर गाळायचा डबा नळीत बसला, आवाजाला नवं सायलेन्सर आलं. गाडी आता मांजर अंगावर झोपल्यावर करतं तसा आवाज करू लागली, आणि ह्यांना तो पहिल्यापेक्षा आवडला. दुसऱ्या खेपेला धुरात पास, आवाजात पास, मी सुस्कारा सोडणार तोच बाईंनी कपाटातून एक गोळा काढला. माणसाच्या डोक्याएवढा. हो, डोकंच ते! गाडी धडकली तर डोकं आत कुठेकुठे आपटेल हे बघायला तो गोळा त्या सगळीकडे फिरवतात, आणि जिथे तो टेकेल तिथे टोकदार काही असता कामा नये. सुतारआजोबांनी हौसेनं बसवलेली पितळी बटणं, आरशाचा दांडा, घड्याळाची कडा, सगळं टोकदार निघालं. वर पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाणारे. नापास.

त्यानंतर आमच्या घरात जे घडलं ते तुम्हाला खोटं वाटेल. ह्यांनी शेजारच्या मुलीचा फुटबॉल मागून आणला आणि घरभर फिरवायला सुरुवात केली. आधी म्हणे सराव. मग टेबल नापास. फडताळाची कडी नापास. ओट्यावरची मांडणी ‘गंभीर नापास’. सकाळी चहा टाकायला जावं तर माझ्या डोक्याच्या उंचीवर फुटबॉल धरून हे उभे. सगळ्या कोपऱ्यांना रबराच्या पट्ट्या लागल्या. मी चिडले, भांडले, एकदा तो फुटबॉल खिडकीतून बाहेरही फेकला. पण तुम्हाला म्हणून सांगते, त्याच आठवड्यात चक्कर येऊन माझा कपाळमोक्ष होता होता राहिला, आणि डोकं टेकलं ते नेमकं रबरावर. ह्यांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर छपरालाही रबर लावतील.

बटणं गुळगुळीत झाली, दिवे खाली वळले. आता राहिला होता सीटचा पट्टा. बाई म्हणाल्या होत्या, पट्ट्याचं टोक पत्र्याला नको, गाडीच्या मूळ सांगाड्याला हवं. वेल्डरनं खाली वाकून पाहिलं, बाहेर आला, डोकं खाजवलं. सांगाड्याला टोक घ्यायचं तर चालकाची सीट चांगली वीतभर पुढे घेऊन कायमची पक्की करावी लागणार. मग तो ह्यांच्या पायांकडे बघायला लागला. तुमचं घराणंच ताडमाड, काय सांगायचं! लग्नाच्या फोटोत मला स्टुलावर उभं करून तुम्ही सगळे हसला होतात, ते स्टूल अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. वेल्डर म्हणाला, “साहेब, मग तुमचे पाय कुठे ठेवणार?” ह्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं. “पायांचं नंतर बघू. सीट पुढे घे.” मला वाटलं, काहीतरी युक्ती असेल. हा माणूस युक्तीशिवाय स्क्रूसुद्धा पिळत नाही.

तिसरी खेप शेवटची होती. मुदत संपत आलेली, आता पास नाही तर भंगार. बाईंनी धूर पाहिला, आवाज ऐकला, गोळा फिरवला, पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि (मी बाकड्यावरून डोळ्यांत तेल घालून बघत होते) अगदी हलकेच हसल्या. मग म्हणाल्या, चालकानं बसून पट्टा लावावा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून दाखवावं. हे बसले. म्हणजे उजवा पाय आत गेला, डावा बाहेर राहिला. डावा आत घेतला तर गुडघे स्टिअरिंगच्या वर आले. तशाच अवस्थेत ह्यांनी ते फिरवायला घेतलं, ते अर्ध्यात गुडघ्याला अडकलं.  बाईंनी नापास लिहायला केसांतली पेन्सिल काढली.

आणि तुमचे बंधू शांतपणे गाडीतून उतरले, गुडघे झटकले, आणि बाकड्याकडे बघून मला म्हणाले, “चल, बस.”

वन्सं, मी बसले. पाय सरळ पेडलवर. हात सरळ स्टिअरिंगवर. पट्टा खांद्यावरून असा आला की जणू माझं माप घेऊनच शिवला होता. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, रुळावर ब्रेक, सगळं दाखवलं. (बाजार, दवाखाना, तुम्हाला स्टेशनवरून आणणं, आपल्या जुन्या गाडीत ही सगळी कामं मीच करत आले, ते कधी कुणी मोजलं नाही.) ह्यांनी दबक्या आवाजात बाईंना विचारलं, चालक बदललेला चालतो ना? बाई म्हणाल्या, “इथे गाडी तपासतात. नवरा तपासत नाहीत.” आणि पासचा शिक्का मारला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सीट पुढे घे म्हणताना ह्यांना सगळं माहीत होतं. भिंतीवर कोळशानं काढलेली गाडी एकतर चपटी होणार, नाहीतर दुसऱ्या कुणाला चालवायला मिळणार, एवढंच हातात होतं. आणि एवढ्या हौशी माणसानं तक्रारीचा एक शब्द न काढता स्वतःचे पाय वजा केले. परतताना मी चालवत होते, हे शेजारी, दुसऱ्या सीटवर गुडघे लांब करून, वाऱ्यानं उरलेसुरले केस उडवत. मी रडत होते हे त्यांना दिसू नये म्हणून डोळ्यांत वारा जातोय म्हटलं. वन्सं, तुमच्या भावाला मी बरंच काही म्हटलंय आजवर, पण असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. तुम्ही त्यांच्यासाठी मार खाल्लात तो वाया गेला नाही. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
स्टुलावरची वहिनी

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण मूळ काम राहिलंच. वन्सं, ह्यांना आठवडाभर तुमच्याकडे बोलावून घ्या हो. मी हात जोडते. शेजारी बसून हे मला तपासतात. आरसा बघ. पाय ब्रेकवर ठेव. त्या खड्ड्याला तू नापास. मला ती गाडी एकदा, फक्त एकदा, एकटीनं चालवायची आहे. साधं बोलावलंत तर हे यायचे नाहीत. लिफ्ट खडखडते आहे असं लिहा, अनवाणी धावत येतील.

ता. क. दुसरं. ह्यांच्यासाठी चार कपडे तिकडेच काढून ठेवा. स्टेशनवर मीच सोडेन, पण गाडीच्या डिकीत हातरुमालाखेरीज काही मावत नाही.

(याखालचं अक्षर हिचं नाही, माझं.)

ताई, पत्र पोस्टात टाकायला हिनं माझ्याकडेच दिलं. पाकीट नीट चिकटलंय का हे तपासताना ते उघडलं. लिफ्ट ठीक आहे हे समजलो, तरी कधी खडखडलीच तर वर जाताना की खाली येताना ते कळव. शनिवारी येतो. आठवडा नको, पंधरा दिवस राहीन. ही गाडी मागे घेणं हिला अजून जमत नाही, आणि मी शेजारी असलो की ही मुद्दाम चुकते. एकच सांगतो. हिला बुटकी म्हणणं आता बंद कर. त्या सीटवर ही अगदी बरोबर मापात बसते. सीट पक्की करायच्या आधीच मी हिला टेप लावून पाहिलं होतं.