दोन ब्रेकांची गाडी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज. टायरमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरताना कंबर धरली आहे.) तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असेलच. आम्ही पुढच्या गुरुवारपर्यंत खुशाल आहोत, त्यापुढचं क्रेनवाल्याच्या हातात. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हं, बोल’ म्हणतेस आणि मी हवापाणी सांगून ठेवून देतो.

तर दारातल्या, बाबांच्या शिकवणीच्या गाडीच्या काचेवर नगरपालिकेची नोटीस डकवलेली आहे. नव्या नियमाने रस्त्यावरून दिसणाऱ्या जुन्या गाड्यांच्या तीन जाती पाडल्या आहेत. टायर बसलेली ती बेवारस, सुरू न होणारी ती भंगार, आणि जुनी असूनही कुणीतरी जिवापाड सांभाळलेली ती संग्राह्य. पहिल्या दोन उचलून नेतात, तिसरी राहू देतात. (तुझी भावजय म्हणाली, तुम्हीही घरात आतल्या बाजूला बसत जा, रस्त्यावरून दिसता.) मी गाडीवर चादर टाकली, तर नियमात चादरीचंही कलम निघालं. चादर धरत नाहीत. मग तुझ्या भावजयीने पत्रा घासला, मी बॉनेटमधलं गवत उपटलं आणि हवा भरली. सकाळी भरलेली हवा दुपारी निघून जाते, म्हणून आता आम्ही ती नवरा-बायको पाळीपाळीने भरतो.

बाबांना यातलं काही कळू दिलेलं नाही. नोटीस काचेवर पाहून ते एवढंच म्हणाले, ‘समोरचं दिसायला नको का?’ आणि अर्धी खरवडली. तू म्हणशील, गेली तर जाऊ दे, गंजका सांगाडा तो. ताई, ऐक. बाबा हल्ली जेवले की नाही ते विसरतात. घरात मला ‘आपण कोण?’ म्हणून विचारतात, तेही इतक्या अदबीने की मी उठून उभा राहतो. पण चहा झाला की ते गाडीत जाऊन बसतात, शिकवणाऱ्याच्या जागेवर, आणि मी चालकाच्या जागेवर बसलो की ओळखतात. गधड्या म्हणून का होईना, ओळखतात! तीस वर्षं लायसन्स खिशात घेऊन फिरणारा मी रोज त्यांच्याकडे नापास होतो, आणि मला त्याचं फार बरं वाटतं. गाडी गेली की त्यांचा मुलगाही गेला. म्हणून माझा जीव टांगणीला लागलाय.

काल निरीक्षक आले. बरोबर क्रेनवालाही होता, तो कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून उभा. आणि बाबा गाडीतच होते. निरीक्षकांनी खिडकीतून विचारलं, ‘आजोबा, गाडी चालते का?’

बाबा म्हणाले, ‘चालवणारा आला की चालते. बसा.’

आणि काय सांगू, तो माणूस बसला! आधी आरसा, मग सीट, मग क्लच. बॅटरी कधीचीच गेलेली, इंजिन हूं की चूं करत नव्हतं, पण निरीक्षक दात-ओठ खाऊन गिअर टाकत होते. मी काळजीने बॉनेटपुढे येऊन उभा राहिलो, तोच बाबांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाणकन दाबला. ‘माणूस दिसत नाही समोर?’ निरीक्षक मला ‘सॉरी’ म्हणाले. खाली उतरले तेव्हा कपाळावर घाम होता. क्रेन परत पाठवली, पण मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘गुरुवारपर्यंत मालकाची सही आणा, संग्राह्यात टाकतो. नाही आली तर माझाही इलाज नाही.’ (जाताना हळूच विचारलं, ‘क्लच लवकर सुटला का हो?’)

आता खरी गोम. मालक बाबा नाहीत, तू आहेस. तुला अठरा पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ही गाडी हौसेने तुझ्या नावावर घेतली होती. पुढे भर चौकात त्यांनी तुझ्यावर ब्रेक मारला, तू तिथेच उतरून चालत घरी आलीस आणि दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून लायसन्स काढलंस. गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या मुलीने! त्या दिवसानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी फक्त ‘जेवलात का’ एवढंच बोललात. तेव्हा नियमाप्रमाणे तुला जातीने येऊन सही करावी लागेल. बुधवारपर्यंत ये.

तुझा,
गधडा

ता. क. जातीने यायचं कलम माझं आहे, नगरपालिकेचं नाही. सही टपालाने चालते. सोबत कागद जोडला आहे. खोटं तुझ्याजवळ कधी पचलं नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र गाडीत मागच्या सीटवर बसून लिहितोय. आज बाबांनी मला पुढे बसूच दिलं नाही. ‘मागे हो, ती यायची आहे, तिचं रिव्हर्स राहिलंय,’ म्हणाले. तेव्हापासून चालकाची जागा रिकामी आहे. बाबांनी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली आहे. असं का बसलात म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘तिला ब्रेक मारलेला आवडत नाही.’