तेवीस काचपट्ट्या

बोर्ली पंचतन,
गुरुवार, ता. १४ मे १९६४

तीर्थस्वरूप बाळाजीमामांस,

कोकिळेचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा. काल श्रीवर्धनच्या एस.टी.त मागच्या बाकावर बसल्यापासून कंबर वाकत नाही.) तुमचा खोकला कसा आहे? मामी काढा देतात आणि तुम्ही तो तुळशीत ओतता, हे मला माहीत आहे. तुळस तरी ठणठणीत असेल. इकडे आई-बाबा खुशाल आहेत. बाबा गावभर सांगतात की आमची कोकिळा मुंबईत मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचं मोठं शिक्षण घेते, आणि ऐकणारा दर वेळी विचारतो, त्यापेक्षा इथे दवाखाना का काढत नाही.

इथे असताना डॉक्टरकी करायची नाही असं ठरवून आले होते. ते सोमवारी दुपारी मोडलं. शेजारच्या महेरुन्निसाचाची फणसाचे गरे घेऊन आल्या, सोबत त्यांची सात वर्षांची नात सकिना. पोर पांढरीफटक आणि नडग्यांवर निळे-काळे डाग. चाची म्हणाल्या, सुपारीवर चढते, दुसरं काय. मी मान हलवली, पण गरा खाली ठेवून नडग्या पुन्हा पाहिल्या. आमच्या वॉर्डात असे डाग मी सहा महिने रोज बघते आहे. तरी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. (गावी येताना माणसं खाऊ आणतात, माझ्या पिशवीत काचपट्ट्यांची पेटी राहून गेली होती.)

मलेरियावाले घेतात तसाच एक थेंब घेते म्हटलं, तर चाची भडकल्या. "आमच्याच पोरीचं रगत का गं? गल्लीतली बाकी पोरं काय आसमानातून उतरली?" खरं कारण सांगायची छाती होईना. तेव्हा मी (हुशार ना!) सांगून टाकलं की सगळ्याच पोरांचं घेणार आहे. झालं. मंगळवारी सकाळी ओसरीवर तेवीस पोरं हजर, आणि त्यांच्या मागे भिकू, बोकड धरून. तो चार दिवस चरत नव्हता, त्याचंही बघ म्हणाला. सकिनाने पहिलं बोट दिलं आणि मग रडणाऱ्यांना दटावत उभी राहिली. तेवीस पट्ट्या पापडांशेजारी वाळत ठेवून मी आंघोळीला गेले. तेवढ्यात आईने, लेकीला हातभार म्हणून, सगळ्या पट्ट्या राखेने घासून लखलखीत करून पेटीत रचून ठेवल्या. रक्ताने माखलेली काच घरात तशीच पडू देणारी बाई ती नव्हे, हे मला जन्मापासून माहीत असायला हवं होतं.

दुसऱ्यांदा टोचून घ्यायला कोण येणार? पोरं वाडीत पसार. एकटी सकिना परत आली, आणि डावा हात पुढे करून म्हणाली, "ह्या हाताचं घे. तो हात दमलाय."

ती एक पट्टी (आईपासून लपवून) काल श्रीवर्धनच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा सूक्ष्मदर्शक दिला, पण त्यात मलेरियाशिवाय काही शोधायचं असतं हे त्यांना पटलेलं दिसलं नाही. मी डोळा लावला. जिथे दोन-चार पांढऱ्या पेशी दिसायच्या तिथे त्यांची दाटी होती, सगळ्या मोठ्या, कच्च्या. तीनदा पट्टी काढून पुन्हा लावली. मामा, आईने हीसुद्धा धुऊन टाकली असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं.

परत येऊन चाचींना सगळं खरं सांगितलं. मुंबईत नव्या गोळ्या आहेत, त्यांनी आजार जात नाही, पण बरीच मुलं काही महिने हिंडती-खेळती राहतात. चाची बराच वेळ अंगणातल्या कोंबड्या हाकलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिचा बाप जहाजावरनं दिवाळीच्या सुमारास येतो. तेवढे महिने दे. बाकीचं मी अल्लाकडे मागीन."

मी हो म्हणाले नाही. प्रयत्न करते म्हणाले.

मंगळवारच्या बोटीने आम्ही तिघी निघतो. मामींना नमस्कार सांगावा.

तुमची भाची,
कोकिळा

ता.क. – वॉर्डात जागा मिळेपर्यंत तुमच्या दोन खोल्यांपैकी एक आम्हाला लागेल. मामींना सांगा, चाची स्वतःचा स्टोव्ह आणि भांडी आणणार आहेत. मामींच्या स्वयंपाकाबद्दल त्यांनाही शंका आहेत.

आणखी एक ता.क. – खरं काम आता लिहिते. मुंबईहून निघताना तुमच्याकडे एक बंद पाकीट दिलं होतं, आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाचं, आजच टपालपेटीत टाका असं बजावून. मी सुटीवर आले नव्हते, मामा. तो राजीनामा होता. एप्रिलात आमच्या वॉर्डातल्या तीन खाटा रिकाम्या झाल्या, आणि मी लिहिलं की मुलांना मिळणाऱ्या पाच-सहा महिन्यांसाठी एवढं शिकण्यात अर्थ नाही. तुम्ही माझी पत्रं कोटाच्या खिशात पंधरा-पंधरा दिवस विसरता, त्यावरून मी तुम्हाला जे जे बोलले ते सगळं मागे घेते. पाकीट अजून खिशात असेल तर फाडून टाका. आणि या एकाच वेळी तुम्ही वक्तशीर निघाला असाल, तर हे वाचताच मोठ्या डॉक्टरांना गाठा आणि सांगा, कोकिळेला त्या पाच-सहा महिन्यांची गरज पडली आहे.