चिंगसोंगच्या पायांतली ताकद

८ जानेवारी
बाल्कनीत डुकराच्या मांसाचे सॉसेज टांगले. तीन माळा. यंदा मांस काय लालबुंद, चरबी नावाला! चिंगसोंग खूश होईल. शेजारच्या थांगताई खालून ओरडल्या, काय हो, पोराला शंभर मीटर पळवायचंय की लोळवायचंय? माझा मुलगा देशासाठी पळतो तो या माळांच्या जोरावर. पुरावा आहे. दोहाची स्पर्धा: त्या वर्षी पार्सल वेळेवर, दुसरा आला. बँकॉक: वेळेवर, तिसरा. मोनाको: त्या हिवाळ्यात पार्सल बर्फात अडकलं, सातवा.

१५ जानेवारी
चिंगसोंगचा बीजिंगहून फोन. मार्चमध्ये जागतिक स्पर्धा. निवड जवळजवळ नक्की. तिशी उलटली, हा शेवटचाच चान्स. मग नेहमीचं बजावलं, आई, बाहेरचं मांस आम्हाला बंद आहे, जनावरांना औषधं देतात, आमच्या तपासणीत सापडलं तर चार वर्षं घरी बसावं लागेल. सहा वर्षं हेच सांगतोय. हो म्हटलं. नियम बाजारातल्या डुकरांसाठी आहे. हे डुक्कर माझ्या मामेभावाच्या अंगणातलं. मी त्याला ओळखत होते.

१६ जानेवारी
पार्सल पाठवलं. वर लिहिलं: लोकरीचे मोजे.

२४ जानेवारी
त्याचा निरोप. मोजे पोचले, एकही उरला नाही. शहाणं माझं बाळ.

२ फेब्रुवारी, सकाळी ७
काल तपासणीवाले येऊन लघवी, रक्त घेऊन गेले, असं तो सहज बोलून गेला. काळजीचं काही नाही. तरी मामेभावाला फोन केला. उगाच, तब्येत विचारायला. तो हौसेने सांगू लागला, ताई, यंदा खाण्यात एक पूड घातली, चरबी कशी झडली बघितलीस ना?

७.२०
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पळणाऱ्या पोराच्या पायात तूच पाय घातलास.

३ फेब्रुवारी
बीजिंगला निघाले. नववर्षाच्या सणाची गर्दी. आगगाडीत जागा नाही. दोन डब्यांच्या मध्ये, घडीच्या स्टुलावर चौदा तास. प्रशिक्षकांना काय सांगायचं ते पाठ केलं: साहेब, शिक्षा मला करा, त्याला माहीत नव्हतं, मोजे समजून खाल्ले. चार वेळा म्हणून पाहिलं. पटण्यासारखं आहे.

४ फेब्रुवारी
त्याच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावर म्हातारे पहारेकरी लियाओ. कोहळ्यासारखे गोल. माझं नाव ऐकताच उठून उभे राहिले. म्हणाले, वहिनी, तुम्हीच का त्या! सहा वर्षं तुमच्या हातचं खातोय. यंदा तिखट जरा कमी पडलं हं.

मी तिथेच पायरीवर बसले.

चिंगसोंग धावत आला. म्हणाला, आई, पार्सल मी उघडतो, डोळे मिटून एकदा पोटभर वास घेतो आणि लियाओकाकांना देऊन टाकतो. तुला सांगायला जीभ रेटली नाही गं.

वाचला माझा पोरगा. खूप रडले. मग एकदम आठवलं. डोळे पुसून विचारलं, मग मोनाकोला सातवा कसा आलास?

म्हणाला, आई, सहाजण माझ्यापेक्षा जोरात पळाले.